कॅरिबियन क्रूझ: बेटं मोजू नका, तास मोजा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. "ताई, आम्हाला बीचवर लोळायचं नाही, इतिहास बघायचाय. कॅरिबियन क्रूझचा ईस्टर्न रूट घेऊ, वेस्टर्न घेऊ की सदर्न?"

सदर्न. चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!

नाही, थांबा. व्हिसाचं आधी उरकते. जहाज सुटतं ते मायामी काय, पोर्तो रिकोचं सान हुआन काय, दोन्ही अमेरिकाच. जहाज बाहेर जाऊन परत येणार, म्हणजे भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एंट्री व्हिसाच लागतो. झालं.

आता सदर्नच का? सान हुआनला स्पॅनिशांचा एल मोरो किल्ला, बार्बाडोसला इंग्रज, मार्टिनिकला फ्रेंच, क्युरासावला डच. रूट नीट निवडलात तर साखर आणि गुलामांच्या जिवावर गब्बर झालेली चार साम्राज्यं एका फेरीत दिसतात. जहाज सान हुआनहून सुटणार असेल तर एक दिवस आधीच पोचा, जुनं शहर निवांत पायी फिरा.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. "ताई, आम्ही सात बेटंवाली घेतली!" अहो, पण किती तास? जहाज आठला लागलं आणि पाचला सुटलं, तर ते नऊ तास तुमचे नसतात. उतरायची रांग असते, परतायची घाई असते. मार्टिनिकचं सेंट पिएर बघायचंय? 8 मे 1902ला माँ पेले ज्वालामुखीने काही मिनिटांत ते शहर जाळलं, सुमारे 28 हजार माणसं गेली. जहाज लागतं फोर-द-फ्रान्सला. तिथून गाडीने साधारण तासभर, यायला तेवढाच. उरलं काय ते तुम्हीच मोजा.

दुसरं, जहाज लागतं कुठे? अँटिग्वाला सेंट जॉन्सला. नेल्सन्स डॉकयार्ड, म्हणजे इंग्रज आरमाराची जुनी गोदी, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. माहितीपत्रकात मात्र फोटो डॉकयार्डचाच!

आणि तिसरं, वार. हे मी माझ्या मूर्खपणातून शिकलेय. क्युरासावच्या विलेमस्टाडमध्ये 1732चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. आत जमिनीवर वाळू पसरलेली. एक सांगणं असं की स्पेन-पोर्तुगालमध्ये लपूनछपून प्रार्थना करणारे ज्यू पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू टाकत, त्याची ही आठवण. हे सगळं मी सासूबाईंना आदल्या रात्री रंगवून सांगितलं. सकाळी दारात जाऊन उभ्या, तर शनिवार. त्यांच्या प्रार्थनेचा दिवस, बघ्यांना प्रवेश नाही. सासूबाई म्हणाल्या, "आपण सोमवारी म्युझियमला जातो का?" यावर काय बोलणार! रविवारी बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्येही बरीचशी दुकानं बंद असतात. म्हणून तारखेशेजारी वार लिहा. आणि वेळ लिहिताना जहाजाचं घड्याळ बेटाच्या घड्याळाशी जुळतंय का, तेही बघा.

कंपनीच्या खासगी बेटाचा दिवस इतिहासाच्या हिशोबात शून्य धरा. तिथे घसरगुंडी आहे, गाव नाही.

एका दादांनी लिहिलंय, "त्रिनिदाद का नाही सांगितलं?" दादा, अगदी बरोबर बोललात, पण मोठ्या जहाजांच्या नेहमीच्या फेऱ्यांत ते फारसं नसतंच. खरं तर आपल्याला सगळ्यात जवळचं तेच. 30 मे 1845ला 'फतेल रझाक' जहाजातून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, तिथे उतरले. ते मुख्यतः भोजपुरी मुलखातले, पण मुंबईकराचंही एक नातं आहे. 1971ला तिथल्याच पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. गावसकरांची ती पहिलीच कसोटी. त्या मालिकेत त्यांनी 774 धावा केल्या आणि हरलेल्यांनीच त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं रचलं!

आम्ही क्रूझ संपल्यावर बार्बाडोसहून विमानाने तिथे गेलो. रस्त्यावर डबल्स खाल्ले. मऊ बाऱ्यांमध्ये, म्हणजे तळलेल्या छोट्या पोळ्यांमध्ये छोले. तिखट किती, असं विचारलं तर "स्लाइट" म्हणा. आमचे हे म्हणाले, "मी कोल्हापूरचा, भरपूर घाला." पुढचा अर्धा तास व्हिडिओत त्यांचा आवाज नाहीये, तो एडिटिंगचा प्रॉब्लेम नाही.