अंगातलं वारं आणि सहा प्रश्न

मंडळी, आधी एक प्रश्न वाचून दाखवते. गेल्या सहा महिन्यांत, आत यंत्र बसवल्यासारखे आपण सारखे काहीतरी करत सुटलोय, असं तुम्हाला किती वेळा वाटलं? प्रौढांमधला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, उतावीळपणा आणि अतिचंचलता यांचा विकार, ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेची 18 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. त्यातले सहा प्रश्न निवडून 2005 साली एक छोटी चाळणी प्रसिद्ध झाली. तिच्यातला हा शेवटचा प्रश्न.

तो मराठीत आणायला बसलं की पहिल्यांदा सुचतं 'पायाला भिंगरी लागलीय'. पण भिंगरी लागते ती गावोगाव हिंडणाऱ्याला. जिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, पण जी भात शिजत ठेवून कपडे वाळत घालायला जाते आणि तिथून तिसऱ्याच कामाला लागते, तिच्यासाठी हा शब्द नाही. मग सुचतं 'अंगात वारं भरल्यासारखं'. पुण्यात हे चालून जाईल. आपल्या कुडाळ-सावंतवाडीकडे वारं येतं ते देवाचं. एका काकांना मी हेच वाक्य वाचून दाखवलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "वारा माझ्या आंगात येना नाय, आमच्या मानकऱ्याच्या येता." उत्तराखाली खूण झाली 'कधीच नाही'. आणि हेच काका वीस मिनिटांत चार वेळा उठून पडवीत जाऊन आले होते.

असं भाषांतर उलट इंग्रजीत नेऊन तपासलं, तर बहुधा ते बिनबोभाट पास होईल. उलट-अनुवाद करणारा शिकलेला असतो, त्याला मूळ अर्थाचा अंदाज येतो. म्हणून मी आग्रहाने सांगते, उलट-अनुवाद ही सुरुवात आहे. त्यानंतर प्रश्न माणसांसमोर मोठ्याने वाचायचा आणि विचारायचं, 'तुम्हाला यातून काय कळलं? उत्तर देताना काय आठवलं?' हर्णैच्या लिलावात मासे विकणारी बाई आणि देवगडचा बागायतदार, दोघांनाही हे विचारायला हवं. 'अपॉइंटमेंट विसरता का' हा प्रश्न तिला परका वाटेल. बचत गटाचा हप्ता, रेशनचा दिवस, लग्नाचं बोलावणं विसरतं का, हे विचारलं तर ती पटकन सांगेल. हातापायांच्या हालचालीच्या प्रश्नाला मात्र 'चुळबुळ' हा शब्द आयता मिळतो. त्यासाठी फार डोकं खाजवावं लागत नाही.

उत्तरांचे पाच पर्याय, 'कधीच नाही', 'क्वचित', 'कधीकधी', 'बऱ्याचदा' आणि 'वारंवार', त्याहून नाजूक आहेत. पहिल्या तीन प्रश्नांत 'कधीकधी' म्हटलं तरी खूण धरली जाते, पुढच्या तिनांत 'बऱ्याचदा'पासून. चार खुणा झाल्या की माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं. म्हणजे 'कधीकधी' आणि 'क्वचित' यांतली रेघ पुसट झाली, तर निकालच फिरतो. पाच शब्द पाच चिठ्ठ्यांवर लिहून लोकांच्या हातात द्या आणि कमी-जास्त क्रमाने लावायला सांगा. 'वारंवार' आणि 'बऱ्याचदा' यांत मोठं कोण, यावर एकाच घरात दोन मतं पडतात.

आता त्या 'गेल्या सहा महिन्यां'कडे या. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ऑगस्टमध्ये उत्तर देणाऱ्या खलाशाच्या सहा महिन्यांत दोन महिने होडी वर ओढलेली असते. तोच माणूस मेमध्ये वेगळं उत्तर देईल. विश्वसनीयता, म्हणजे उत्तरं तीच येतात का, हे पाहायला तीच प्रश्नावली दोनेक आठवड्यांनी पुन्हा भरून घेतात. पहिली खेप मेअखेर आणि दुसरी जूनच्या मध्यावर झाली, तर उत्तरं बदलतील, आणि आपण दोष देऊ भाषांतराला. बागायतदाराचंही तसंच, आंब्याच्या पेट्या भरण्याच्या दिवसांत कुणाला उसंत असते?

थोडा हिशोब करू. प्रौढांतल्या प्रमाणाचे जगभरचे अंदाज अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास आहेत. समजा, हजारांत 25 जणांना एडीएचडी आहे, आणि चाळणीने त्यातले 18 पकडले. उरलेल्या 975 पैकी दहा टक्के चुकून अडकले, तर ते झाले 97. चाळणीत सापडलेल्या 115 जणांत खरे 18च. बाकीचे कोण? रात्रभर समुद्रावर जागणारा, थायरॉइडची गोळी सोडलेली, उदास, चिंतेने ग्रासलेला, दारूत बुडालेला. या माणसांनाही मदत हवीच आहे, पण वेगळी. म्हणून चाळणीची वैधता, म्हणजे ती खरंच एडीएचडीच पकडते का, हे तपासताना अशी माणसं मुद्दाम घ्यायला हवीत, आणि प्रत्येकाची सविस्तर मुलाखत अशा मानसोपचारतज्ज्ञाने घ्यायला हवी, ज्याने चाळणीतल्या खुणा पाहिलेल्याच नाहीत. इंग्रजीतला चार खुणांचा उंबरठा इथे तीन ठरेल की पाच, हे त्यानंतरच कळेल.

आणि तरीही एक गोष्ट सहा प्रश्नांत मावत नाही. 2013च्या डीएसएम-5 या निदान-निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असायला हवीत. चाळिशीचा माणूस स्वतःचं बालपण नीट सांगू शकत नाही. त्याला आठवतं ते 'वेंधळा', 'उनाड' हे शब्द आणि छड्या. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याची आई गावात असते. गणपतीला तो आला की मी दोघांना एकत्र बोलावते. आई म्हणते, "ह्याचां दप्तर रोज शाळेत ऱ्हवायचां." आणि मुलगा तिच्याकडे बघत राहतो, कारण घरात हे आजवर कुणी रागावल्याशिवाय सांगितलेलं नसतं.