रस्ता वाढला की गाड्या कुठून येतात?

नवा उड्डाणपूल झाला की पहिले काही महिने सगळे खूश असतात. मग पुलावरच रांग लागते आणि आपण म्हणतो, वाहनं फार वाढली हो, पूल अपुरा पडला. पण पूल झाला म्हणूनच वाहनं वाढली असतील तर?

हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. गर्दी असते तिथेच सरकार रस्ते बांधतं. मग मोठा रस्ता आणि जास्त गाड्या एकत्र दिसल्या, तरी कशामुळे काय झालं ते कसं ठरवणार? जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावर एक झकास तोड काढली. त्यांनी अमेरिकेचा १९४७ सालचा महामार्गांचा आराखडा आणि १८९८ सालचे रेल्वेमार्ग हुडकले. १८९८ मध्ये रूळ टाकणाऱ्याच्या डोक्यात २००३ सालच्या मोटारी असणं शक्यच नाही. तरी रूळ गेले त्याच वाटांनी पुढे बरेचसे महामार्गही गेले. म्हणजे काही शहरांना जास्त रस्ते मिळाले ते जुन्या कारणांनी, आजच्या गर्दीमुळे नव्हे. आणि तिथेही हिशेब तोच निघाला: रस्ते दहा टक्के जास्त, तर गाड्यांनी कापलेलं अंतरही जवळपास दहा टक्के जास्त. गावातलीच माणसं जास्त गाडी काढतात, मालवाहतूक वाढते, बाहेरून नवी वस्ती येते.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आमच्यासारख्या बसच्या कैवाऱ्यांना झोंबणारा आहे. सार्वजनिक वाहतूक वाढवूनही गाड्यांच्या प्रवासात घट दिसली नाही. कारण तेच. एक जण बसमध्ये चढला की रस्त्यावरची त्याची जागा दुसरा पटकावतो.

स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये हे जवळजवळ प्रयोगशाळेत पाहावं तसं दिसलं. ऑगस्ट २००५ मध्ये तिथे जादा बस सुरू झाल्या. मोटारींच्या संख्येत जाणवण्याजोगा फरक नाही! ३ जानेवारी २००६ पासून शहराच्या मध्यभागात गाडीने ये-जा करायला वेळेनुसार दहा ते वीस क्रोनर आकारायला सुरुवात झाली. रात्री आणि शनिवार-रविवारी माफ. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण एक पंचमांशाने घटल्या. जुलैअखेर प्रयोग थांबला, गाड्या पुन्हा वाढल्या. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते, पण सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने कौल बाजूने दिला आणि ऑगस्ट २००७ पासून आकारणी कायमची झाली.

मग पुण्यातल्या पीएमपीच्या बससेवेवर पैसे खर्चूच नयेत का? जरूर खर्चावेत. फक्त त्यामुळे कोंडी आपोआप सुटेल, असं लोकांना सांगू नये. बस हवी ती आज गाडी परवडत नाही त्याच्यासाठी, आणि उद्या शुल्क लागल्यावर गाडी घरी ठेवणाऱ्यासाठी. स्टॉकहोमने बस आधी आणल्या, पैसे नंतर मागितले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं तेव्हा 'आधी बस तर द्या' हा आक्षेप घेण्याजोगाच होता. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे पडणार म्हटल्यावर गदारोळ झाला, आणि अंमलबजावणी रेंगाळली. उड्डाणपुलांना मात्र असा विरोध क्वचितच होतो, कारण त्यांचं बिल गाडी चालवताना खिशातून जाताना दिसत नाही.