चौकटीबाहेरचा चौक

(दृश्य : पुतळ्याच्या मानेभोवती साखळी)

९ एप्रिल २००३. बगदादचा फिरदोस चौक. अमेरिकी फौजा शहरात शिरल्या आहेत. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याचा पुतळा कलतो, मध्येच लटकतो आणि मग खाली येतो. लोक धावून जातात, चपला काढून त्याला बडवतात. जगभर हे थेट दिसलं, आणि नंतर दिवसभर दिसतच राहिलं. अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी त्याची तुलना थेट बर्लिनची भिंत पडण्याशी केली.

(दृश्य : तोच चौक, लांबून)

आता जरा मागे सरकू. चौक बराचसा मोकळाच आहे. गर्दी आहे ती पुतळ्याच्या पायथ्याशी, आणि तिच्यातही कॅमेरे घेतलेले कितीतरी. धिप्पाड अंगाच्या एका बगदादकरानं चौथऱ्यावर घण घातले, टवके उडाले, पुतळा हलेना. शेवटी अमेरिकी मरीन सैनिकांच्या चिलखती गाडीनं तो ओढला. त्याआधी एका सैनिकानं पुतळ्याच्या तोंडावर अमेरिकेचा झेंडा टाकला होता. तो लगबगीनं काढला गेला. का, ते सांगायला नको.

बगदादमध्ये सद्दामचे पुतळे काय कमी होते? पण या पुतळ्यासमोरच पॅलेस्टाइन हॉटेल होतं, आणि परदेशी पत्रकारांचा मुक्काम तिथेच.

यात खोटं काही नव्हतं, बरं का. त्या माणसांचा संताप अगदी खरा होता. चौकट तेवढी आवळलेली होती. तिच्यात युद्ध संपलं. अमेरिकी फौजा मात्र २०११ च्या डिसेंबरपर्यंत इराकमध्ये होत्या.

(दृश्य : वाळवंटात धुरळा उडवत जाणारा ताफा)

याच युद्धात शेकडो पत्रकार लष्करी तुकड्यांबरोबर फिरले. त्यांच्याच गाडीतून जायचं, त्यांच्यातलंच खायचं, गोळीबार झाला की त्यांच्याच आडोशाला दडायचं. अशा बातमीत ‘सैनिक पुढे सरकले’चं ‘आपण पुढे सरकलो’ कधी होतं, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

व्हिएतनामचं युद्ध टीव्हीनं घालवलं, असं अमेरिकी लष्करात अनेकांचं मत. मला ते अर्धवट वाटतं. टीव्हीवर गाजलेला टेट हल्ला, म्हणजे कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामच्या अनेक शहरांवर एकदम चढवलेला हल्ला, १९६८ चा. त्याआधीच, १९६७ मध्ये, हे युद्ध चूक आहे म्हणणारे अमेरिकेत वाढले होते. पण धडा घेतला गेला तो कॅमेऱ्याबद्दलच.

(दृश्य : धावपट्टी, रिकामी)

अमेरिकेतला डोव्हर हवाई तळ. परदेशी युद्धांत मेलेले सैनिक इथेच आणले जातात. १९९१ पासून २००९ पर्यंत या शवपेट्यांचं चित्रीकरण करायला माध्यमांना बंदी होती. विमानं उतरत राहिली.