अर्धशिक्षित वछेरीचे मोल

मित्रहो, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा वर्तमानपत्रांत लाखांच्या आणि कधी कोटींच्या आकड्यांच्या बातम्या येतात. आत वळलेल्या टोकदार कानांचे मारवाडी घोडे त्या बातम्यांचे मानकरी असतात. आज मला त्यांच्याविषयी काही सांगायचे नाही. त्याच बाजारात एखाद्या कडेच्या झाडाखाली तीन वर्षांची, साडेतेरा हात उंचीची, तोंडात लगाम घेते पण पाठीवर माणूस घेत नाही अशी एक कुमैत, म्हणजे काळसर तांबूस रंगाची, वछेरी (तरुण घोडी) बांधलेली असते. तिची रास्त किंमत कशी काढावी, एवढाच आजचा प्रश्न आहे. (हा हात म्हणजे चार इंचांचा, कोपरापर्यंतचा नव्हे, दरवर्षी कोणीतरी हा घोळ घालतोच.)

विकणारा तिला 'थोडी शिकवलेली' म्हणतो. या दोन शब्दांची किंमत तो पंचवीस हजार लावतो आणि घेणाराही आढेवेढे घेत ती देतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे पुढच्या वर्षीची घोडी उभी असते. माझे म्हणणे असे आहे की, आपण पैसे मोजतो ते आज समोर उभ्या असलेल्या जनावराचे. पुढच्या वर्षीची घोडी घडवण्याचा खर्च, कष्ट आणि धोका सारे आपलेच असते, आणि म्हणून ते सारे किमतीतून वजा व्हायला हवे.

आधी वछेरी काय जाणते ते पाहावे. मोहरकी (तोंडावर बांधलेली दोरी) धरून तिला सोबतच्या घोडीपासून शंभर पावले दूर न्यावे. ती मागे वळून खिंकाळत, दोरी ओढत राहिली तर तिचे शिक्षण आईच्या शेपटीइतकेच लांब आहे असे समजावे. चारही खूर एकेक करून उचलावेत. पुढचे दोन बहुतेक जनावरे देतात, मागचा उजवा देताना खरी गोष्ट कळते. मग खोगीर ठेवून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, हळूहळू आवळावा आणि हात पाठीच्या कण्यावर ठेवावा. पाठ कमानीसारखी वर आली, श्वास अडला, कान मागे गेले, तर तिला खोगीर 'दाखवलेले' आहे, शिकवलेले नाही. शेवटी तिला काव्यावर, म्हणजे लांब दोरीवर गोल, धरून दोन्ही बाजूंनी फिरवावे. डावीकडे गोड चालणारी पुष्कळ शिंगरे उजवीकडे वळवताच तोंड फिरवून उभी राहतात, कारण त्यांना शिकवणाऱ्याने आपल्या सोयीची एकच बाजू शिकवलेली असते.

हे सारे दोन वेगवेगळ्या दिवशी करावे. मी स्वतः एकदा दुपारच्या वेळी एक फार शांत वछेरी पाहून त्याच बैठकीत सौदा केला होता. तिसऱ्या दिवशी औषधाचा अंमल उतरला आणि तिने माझे कुंपण मोडले. तेव्हापासून मी सकाळी, न कळवता, जनावर धरून बांधण्याच्या आधी जातो.

वय दातांवरून कळते. दुधाच्या दातांपैकी मधली जोडी सुमारे अडीच वर्षांत पडते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. आपल्या वछेरीची एकच जोडी बदललेली आहे. गुडघ्याजवळची हाडे या वयापर्यंत बहुधा पक्की झालेली असली तरी पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षापर्यंत आणि त्यापुढेही चालू असते. म्हणून तिला आज शिकवता येईल, पण पूर्ण कामाला लावण्यासाठी वर्षभर थांबावे लागेल. त्या वर्षाची चंदी कोण घालणार, याचा हिशेब बाजारात कोणीच बोलून दाखवत नाही.

तो मांडून पाहू. हे आकडे मी केवळ रीत दाखवण्यासाठी धरतो आहे. चार वर्षांची, निरोगी, निर्धास्त स्वारी देणारी तशीच घोडी 1,20,000 रुपयांना मिळते असे समजा. चाबूकस्वाराचे, म्हणजे घोडी शिकवणाऱ्याचे, 15,000, नालबंद आणि औषधे मिळून 6,000, आणि घोडी बिघडेल किंवा लंगडेल या धोक्यापोटी एक दशांश, म्हणजे 12,000 धरा. हे वजा केल्यावर 87,000 उरतात. यातून आता वर्षभराचे खाणे जाते. ज्याच्याकडे स्वतःचे रान आहे त्याला महिन्याला 2,500 पुरतील, म्हणजे वर्षाचे 30,000. त्याने 57,000 पर्यंत जायला हरकत नाही. माथेरानला मोटारींना बंदी आहे, चाराही खालून वर न्यावा लागतो. तिथल्या घोडेवाल्याला तेच खाणे महिन्याला 5,000 ला पडले तर 60,000 जातात आणि त्याच्या दृष्टीने हीच वछेरी 27,000 ची ठरते.

आता विकणाऱ्याची बाजू. घोडी अकरा महिने गाभण राहते, त्यानंतर सहा महिने शिंगरू अंगावर पिते, आणि या काळात तिच्याकडून पुरेसे काम घेता येत नाही. ती तूट आणि नराचे पैसे मिळून 10,000, शिंगरू दुधावरून तोडल्यानंतरचे तीस महिने हजार रुपयांप्रमाणे 30,000. चाळीस हजारांच्या खाली तो आला तर घरचे घालून देतो. म्हणजे रानवाल्या शेतकऱ्याशी त्याचा सौदा चाळीस आणि सत्तावन्न हजारांच्या मध्ये कुठेही रास्तच होईल, आणि माथेरानवाल्याशी तो होऊच नये. त्या माणसाने घासाघीस करून विकणाऱ्याला पाडण्यापेक्षा जास्त पैसे मोजून तयार तट्टू घ्यावे.

अंगावरचे केसांचे भोवरे, त्यांतलाच शुभ मानला जाणारा देवमण, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेली पंचकल्याणी, या शुभाशुभ लक्षणांविषयी मला नेहमी विचारतात. बाजार त्यांना पैसे देतो, त्यामुळे पुढे विकायची असेल तर ती मोजा. मुलांना बसवायची असेल तर सोडून द्या. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला मात्र सोडू नका. हा रोग माणसालाही होतो, आणि दाखला नसलेल्या जनावराची किंमत मी शून्य धरतो.

रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरला तरी पावती उघड्यावर लिहावी. रंग, खुणा, दात यांच्याखाली मी एक ओळ वाढवतो आणि ती विकणाऱ्यालाच सांगायला लावतो. मागच्या खेपेला एका म्हाताऱ्या बाबांनी बराच वेळ विचार करून लिहवले: 'मोहरकीला येते, पुढचे पाय देते, तंगाला भिते, पाठीवर कोणी बसलेले नाही.' मग त्यांनी आपण होऊन चार हजार कमी केले.