खड्डा तुम्हना, भीत आम्हनी

(दृश्य : खड्डा, वरून. पोकलेनचा हात खाली जातो.)

14 फूट खोल. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि पोकलेनचा दात टणटण वाजायला लागतो तिथून पुढे काळा दगड. धुळ्याच्या जुन्या भागात कुठेही खणा, कमीजास्त हाच क्रम. इथे पाच मजली इमारत उभी राहणार आहे, खाली पार्किंग, त्यासाठी हा खड्डा.

आता डावीकडे बघा. ती भिंत खड्ड्याची नाही, शेजारच्या घराची आहे. तिचा पाया इतकी वर्षं कुणी पाहिला नव्हता, आता तो उघड्यावर आलाय. मातीत बसवलेले दगड, जेमतेम साडेचार फूट. त्याच्याखाली साडेनऊ फूट नुसती उभी कापलेली माती. ना पत्रा, ना टेकू, ना पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले काँक्रीटचे खांब.

(दृश्य : गल्ली. दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत.)

1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जनं जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला आणलं आणि पांझरा नदीच्या काठी सरळ रेषेत नवी पेठ आखली. धुळेकर आजही पत्ता सांगताना गल्ली नंबर सांगतात, तो या आखणीचाच वारसा. सरळ गल्ल्या, लांबट अरुंद प्लॉट, आणि घरं एकमेकांना खेटून. कुणाची भिंत कुठे संपते, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला विचारावं लागलं नाही.

(दृश्य : घराच्या आत. खांब, तुळई, छत.)

हे धाब्याचं घर. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्यावर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर पारा 44-45 वर असतो तेव्हा या घरात दुपारी झोप लागते, ती या मातीमुळे. धाबं गळायला लागलं की पावसाळ्याच्या तोंडावर वर नवी माती पडते. जुनी काढून टाकण्याची तसदी कोण घेतो? थरावर थर चढत जातो आणि छताचं वजन वाढत राहतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, वकिलांच्या तोंडून ती पुन्हा ऐकू येणार आहे.

(दृश्य : तडा, जवळून. त्यावर आडवी चिकटवलेली काचपट्टी.)

हा तडा खालून वर गेलाय, दरवाज्याच्या कोपऱ्यापासून कडीपाटापर्यंत. खाली बारीक, वर रुंद. मिस्त्री जिभाऊ सांगतात, तडा वर उघडतो तेव्हा भिंत एका अंगाला कलते आहे असं समजायचं. त्यांनीच ही काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं बसवली आणि बाजूला पेन्सिलनं तारीख टाकली. तडा थांबला असता तर काच शाबूत राहिली असती. ती मधोमध फुटली आहे.

घरमालक आबांनी बिल्डरला जे सांगितलं ते कॅमेऱ्यासमोरही तसंच सांगितलं : "शेठ, खड्डा तुम्हना, भीत आम्हनी. मंग खर्च कोन्ना?"

याचं उत्तर कायद्यात आहे. बऱ्याच बिल्डरांना ते ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते शेजाऱ्याला सांगायला जात नाहीत.

(दृश्य : बांधकामाचा फलक, महारेराचा नोंदणी क्रमांक.)

महारेरा म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. या फलकावरचा नंबर फ्लॅट घेणाऱ्यासाठी आहे. 2016 च्या रेरा कायद्यानं त्याला बरंच दिलं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत इमारतीत दोष निघाला, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई द्यायची. जमिनीच्या मालकीतच खोट निघाली, तर भरपाईच्या दाव्याला मुदतीचीही आडकाठी नाही. पण आबांनी इथे फ्लॅट घेतलेला नाही. त्यांचा बिल्डरशी करार नाही, पावती नाही, व्यवहारच नाही. परवानगीच्या फाइलमध्ये त्यांची सही लागली नाही, आणि नकाशात त्यांचं घर म्हणजे एक रेघ, जिच्यापुढे 'शेजारील मिळकत' एवढंच लिहिलेलं असतं.

आबांच्या हातात राहतो तो अपकृत्याचा कायदा. करार नसतानाही एकानं दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई द्यायला लावणारा. आपल्याकडे त्याचं एकच एक पुस्तक नाही, तो निकालांमधून घडत आला आहे. मात्र जमिनीच्या आधाराचा भाग 1882 च्या सुखाधिकार कायद्यात, म्हणजे इझमेंट अ‍ॅक्टमध्ये, लेखी आहे, आणि मुंबई इलाख्यात, म्हणजे खानदेशातही, तो 1891 पासून लागू आहे.

(दृश्य : उभी कापलेली माती. वरून सुटणारे खडे.)

कायदा दोन पायऱ्यांनी बोलतो. पहिली पायरी नुसत्या जमिनीची. तुमच्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार आहे, तो शेजाऱ्याला काढून घेता येत नाही. हा हक्क जन्मजात आहे, त्याला वर्षं मोजावी लागत नाहीत. पण तो न खणलेल्या, भार न टाकलेल्या जमिनीपुरताच.

बिल्डरचा वकील नेमका इथे बोट ठेवतो. जमीन मोकळी असती तर ढासळली नसती, तुमच्या धाब्याच्या ओझ्यानं ढासळली, असं त्याचं म्हणणं. थरावर थर चढलेली ती माती आता आबांच्या विरुद्ध साक्षीला उभी.

मग दुसरी पायरी. घर उघडपणे, हक्कानं, विनाखंड आणि विनातंटा 20 वर्षं त्या आधारावर उभं असेल, तर घराच्या भारासकट आधार मिळण्याचा हक्क तयार होतो. अट एवढीच की दावा त्या हक्काला बाधा आल्यापासून दोन वर्षांच्या आत लागला पाहिजे. आबांचं घर त्यांच्या आजोबांनी बांधलं. घरपट्टीच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, एकेक उलगडून त्यांनी आम्हाला दाखवली. या खटल्यात त्या पावत्यांना सोन्याचं मोल आहे.

(दृश्य : पावत्या. शाई उडालेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या.)

असाच वाद इंग्लंडच्या न्यूकॅसल गावात झाला होता. तिथे एका राहत्या घराचा घोडागाड्यांचा कारखाना केला गेला आणि जमिनीवर भार वाढला. 27 वर्षांनी शेजारचं घर पाडून तिथे खोल खणलं आणि कारखाना कोसळला. 1881 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, निकाल दिला : 20 वर्षांहून जास्त काळ आधार मिळालाय, आता तो काढता येणार नाही. आणि खोदकाम ठेकेदारानं केलं म्हणून काम देणारा सुटत नाही.

शेवटचं वाक्य बिल्डर मंडळींनी दोनदा ऐकावं. कारण साइटवर कुणालाही विचारा, बोट दुसऱ्याकडे जातं. बिल्डर म्हणतो पोकलेनवाल्याला विचारा. पोकलेनवाला म्हणतो इंजिनिअरनं चुना मारून दिला तिथे खणलं. इंजिनिअर म्हणतो, ड्रॉइंगमध्ये माती अडवणारी रिटेनिंग वॉल दाखवली होती, शेठनं घाई केली. आबांना यातल्या कुणाचं कुणाशी काय ठरलं होतं याच्याशी देणंघेणं नाही. शेजारचा आधार काढणं हे मुळातच धोक्याचं काम, त्यामुळे काळजी घेण्याची जबाबदारी काम देणाऱ्याला दुसऱ्यावर ढकलता येत नाही. ठेकेदाराकडून पैसे वसूल करायचे तर त्यानं नंतर करावेत.

(दृश्य : दुसऱ्या साइटवरचं काम. एक गाळा खणलेला, पुढचा तसाच ठेवलेला.)

हे शहराबाहेरचं दुसरं काम. इथे भिंतीलगतची माती एकदम काढलेली नाही. चार-पाच फुटांचा एक गाळा खणायचा, त्यात लोखंड बांधून काँक्रीटची भिंत उभी करायची. शेजारचा गाळा तोवर हलवायचा नाही, तो अख्खा भार धरून असतो. काँक्रीट पक्कं झालं की मग त्याला हात लावायचा. दगड लागला तर ब्रेकर भिंतीपासून लांब, आणि भिंतीजवळ हातानं छिन्नी. पंपानं पाणी उपसताना पाणी गढूळ येतंय का, याच्यावर एक माणूस डोळा ठेवून असतो. गढूळ पाणी म्हणजे शेजारच्या पायाखालची बारीक माती पाण्याबरोबर निघून चालली आहे.

वेळ जास्त लागतो. पैसाही लागतो. हे काम करणारा इंजिनिअर हसून म्हणाला, "माती फुकट उभी राहते असं वाटतं सगळ्यांना." काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. कोरड्या दिवसांत भिंतीसारखी उभी राहिलेली माती जूनमध्ये एका रात्रीत खाली बसते, हे धुळ्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

(दृश्य : पाऊस. खड्ड्यात साचलेलं पाणी, काठाला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी.)

खड्ड्याभोवती ही एवढीच पट्टी आहे, आणि रस्ता दहा पावलांवर. कुणी आत पडून दगावलं तर भरपाईचा दावा वेगळा आणि फौजदारी वेगळी. भारतीय न्याय संहितेचं कलम 106, निष्काळजीपणानं मृत्यू. बांधकामात पुरेशी काळजी न घेण्याला कलम 290 आहे, तिथे तर कुणी मरावंही लागत नाही.

(दृश्य : न्यायालयाची इमारत, बाहेरून.)

आत कॅमेरा नेता आला नाही, तेव्हा थोडक्यात. आधार काढला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, ठोस नुकसान प्रत्यक्ष व्हावं लागतं. नुकसान अटळ दिसत असेल तर आधीच मनाई हुकूम मागता येतो, पण मागायला उशीर केला की खड्डा खणून झालेला असतो. भरपाई जेवढी मागाल तिच्या हिशेबानं कोर्ट फी. आबांचा दावा दाखल झाला आहे. घराचा पुढचा भाग सोडून कुटुंब मागच्या दोन खोल्यांत राहतं.

(दृश्य : त्याच गल्लीतलं तिसरं घर. फोटो काढणं सुरू.)

गल्लीच्या तोंडाशी आणखी एका प्लॉटला परवानगी मिळाली आहे. या वेळी शेजारी जागे झालेत. पोकलेन यायच्या आधीच प्रत्येक भिंतीचे तारखेसकट फोटो काढले जात आहेत. जुना तडा कोणता हे खडूनं लिहायचं, आणि त्या कागदावर दोघांच्याही सह्या घ्यायच्या. यात फायदा बिल्डरचाही आहे. आजोबांच्या वेळचा तडा उद्या त्याच्या माथी मारता येणार नाही.

या नव्या प्लॉटच्या बिल्डरनं बांधकामाचा विमा दाखवला, कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा भाग त्यात आहे. आबांच्या पुतण्यानं पॉलिसी हातात घेतली आणि एकच प्रश्न विचारला : हादऱ्यांमुळे किंवा आधार काढल्यामुळे शेजारच्या घराला होणारं नुकसान यात धरलंय का? मूळ पॉलिसीत ते सहसा नसतं, जादा हप्ता भरून वेगळं जोडून घ्यावं लागतं. बिल्डरनं पानं उलटली, मग एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, बघून सांगतो. पोकलेन सोमवारी येणार आहे.