फायकस पानं गाळतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. गेल्या जुलैत राजारामपुरीहून वहिनींचा फोन आला, "भावजी, झाड गेलं बघा!" जाऊन पाहिलं, तर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात बारीक पानांचा फायकस, फरशीवर पानांचा सडा आणि कुंडीखालच्या बशीत दोन बोटं पाणी. नर्सरीतून आणून पंधरा दिवस झालेले. पानं गळाली म्हणून पाणी घातलं, पाणी साचलं म्हणून आणखी गळाली.

हा फायकस बेंजामिना. वड, पिंपळ, उंबर यांच्याच गोतातला. पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. काहींना त्यानं खाज सुटते, तेव्हा छाटणीनंतर हात धुवा. मांजर-कुत्र्यालाही पानं चघळू देऊ नका.

नर्सरीतल्या भरपूर उजेडात वाढलेली पानं हॉलच्या अंधारात पोसणं झाडाला परवडत नाही. मग ते पानं टाकतं आणि नव्या जागेच्या उजेडाला जमतील अशी नवी काढतं. यात महिना-दोन महिने जातात. तेवढ्यात आपण कुंडी तीनदा हलवली, की त्याचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून! पूर्वेची खिडकी उत्तम. तिथं ठेवा आणि विसरा. पांढऱ्या कडांच्या जातीला उजेड थोडा जास्त लागतो, कारण त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं. पण म्हणून एकदम गच्चीतल्या उन्हात नेऊ नका, पानं करपतील.

पाण्याचं वेळापत्रक नको. मातीत बोट घाला. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी द्या, आणि बशीत उतरलेलं ओतून टाका. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथं कुंडी कशी वाळेल? बशीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात.

पानं चिकट लागली, मुंग्या चढू लागल्या, तर पानामागं खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. ओल्या फडक्यानं पुसून निंबोळी तेल फवारा.

वहिनींच्या झाडाची साल मी नखानं जराशी खरवडली. आत हिरवी, ओलसर. "जिवंत आहे," म्हटलं. कुंडी खिडकीशी नेली, पाणी थांबवलं. गणपतीच्या आधी फांद्यांच्या टोकांना पोपटी सुया दिसू लागल्या. वहिनी खूश! म्हणाल्या, "आता आरास तिथंच करायची, कुंडी जरा आत सरकवते."

मी म्हटलं, वहिनी, यंदा गणपती दुसऱ्या कोपऱ्यात बसवा.