म्युनिकचा बोगदा: सगळ्या गाड्या एकाच वाटेने

(दृश्य : मारिएनप्लाट्झ स्थानक, सकाळची गर्दी. फलकावर पुढच्या गाड्यांची नावं सरकत आहेत.)

म्युनिकमध्ये सकाळचे आठ वाजले आहेत. नव्या टाउन हॉलसमोरच्या चौकाखाली एस-बानची, म्हणजे उपनगरी रेल्वेची, गाडी येऊन थांबते. माणसं उतरतात, माणसं चढतात, गाडी निघून जाते. दोन मिनिटांत दुसरी हजर, आणि तिच्यामागे तिसरी. एक विमानतळाहून आलेली, एक एर्डिंगहून, एक एबर्सबर्गहून. पूर्वेकडच्या वेगवेगळ्या गावांमधून सुटलेल्या या गाड्या शहराच्या मध्यात एकाच रुळावर एकामागोमाग लागतात. समोरून येणाऱ्यांसाठी दुसरा रूळ आहे. तिसरा रूळ नाही.

पश्चिमेचं पासिंग ते पूर्वेचं ओस्टबानहोफ असा हा साधारण ११ किलोमीटरचा पट्टा. त्यातले चार किलोमीटरांहून थोडे अधिक जमिनीखाली. म्युनिककर याला श्टामश्ट्रेक म्हणतात. दिवसाला सुमारे हजार गाड्या या दोन रुळांवरून जातात. संपूर्ण युरोपात इतका राबणारा दुहेरी मार्ग शोधायला गेलात, तर फार थोडे सापडतील.

(दृश्य : १९५०च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं. ट्राम, मोटारी, सायकली, मधोमध वाहतूक पोलीस.)

१९५७ साली म्युनिकची लोकसंख्या दहा लाखांवर गेली. उपनगरांतून येणाऱ्या गाड्या तेव्हा शहराच्या कडेलाच संपत. पश्चिमेकडच्या गाड्या हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्थानकात, पूर्वेकडच्या बऱ्याचशा ओस्टबानहोफला. मुख्य स्थानकाची रचनाही अशी की सगळे फलाट एका भिंतीपाशी येऊन थांबतात, पुढे जायला वाटच नाही. उतरलेला माणूस मग ट्राममध्ये चढायचा, आणि ती ट्राम कार्ल्सप्लाट्झच्या चौकात अडकायची. हा चौक लोकांच्या तोंडी श्टाखुस. युरोपातला सर्वांत वर्दळीचा चौक अशी त्याची ख्याती होती, आणि ती मिरवण्याजोगी खासच नव्हती.

बोगद्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. १९३८ मध्ये नाझी राजवटीने लिंडवुर्मश्ट्रासे या रस्त्याखाली उत्तर-दक्षिण मार्गासाठी खोदकाम सुरू केलं होतं. शुभारंभाला स्वतः हिटलर हजर होता. युद्ध सुरू झालं आणि काम अर्धवट राहिलं. बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत लोक त्या बोगद्यात आसऱ्याला येत. युद्धानंतर तिथे काही काळ चक्क अळंबीची शेती झाली. पुढे त्याचाच एक तुकडा मेट्रोच्या, म्हणजे ऊ-बानच्या, मार्गात सामावून घेतला गेला. आज ग्योटेप्लाट्झ स्थानकातून प्रवास करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

(दृश्य : खोदलेले रस्ते, लाकडी पुलांवरून चालणारे लोक.)

१९६५ मध्ये करार झाला आणि पूर्व-पश्चिम बोगदा मुक्रर झाला. १९६६च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७२चं उन्हाळी ऑलिंपिक म्युनिकला दिलं. मग सगळ्याच कामांना वेग आला. महापौर हान्स-योखेन फोगेल १९६० मध्ये निवडून आले, तेव्हा ते अवघे ३४ वर्षांचे होते. त्यांच्या कारकिर्दीत शहराचा मध्य उघडा पडला. रस्त्यांवर खड्डे, खड्ड्यांत यंत्रं, आणि समोर न हलणारी तारीख.

बोगदा इझार नदीच्या पात्राखालून काढायचा होता. मारिएनप्लाट्झला जागा इतकी अरुंद की दोन्ही रूळ शेजारी बसेनात. म्हणून ते एकाखाली एक ठेवले, आणि त्यांच्याही खाली मेट्रो. आजही तिथे सरकत्या जिन्याने उतरताना पाटी नीट वाचली नाही तर माणूस थेट उलट्या दिशेच्या फलाटावर पोचतो.

२८ एप्रिल १९७२ रोजी बोगदा खुला झाला. महिन्याभराने सगळं एस-बान जाळं सुरू झालं आणि त्याच दिवशी रेल्वे, मेट्रो, ट्राम, बस या साऱ्यांना एकच तिकीट लागू झालं. जून संपता संपता वरचा मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद करून पादचाऱ्यांना दिला गेला. माझ्या मते या बोगद्याची खरी कमाई हीच. लोकांना खालून आणण्याची सोय झाली, म्हणून वरचा रस्ता मोकळा करता आला.

(दृश्य : निळ्या-पांढऱ्या ईटी ४२० गाडीचे जुने चित्रण.)

या मार्गासाठी गाडीही वेगळी बनवली, ईटी ४२०. तीन डब्यांचा एक संच, असे तीन संच जोडले की सुमारे दोनशे मीटरची गाडी. प्रत्येक आसाला मोटर. कारण स्थानकं जवळजवळ, मागची गाडी पाठीशी. झटक्यात वेग घेता आला नाही तर सगळी रांग तुंबणार.

हाउप्टबानहोफ आणि श्टाखुस या स्थानकांत आणखी एक युक्ती आहे. रुळाच्या दोन्ही बाजूंना फलाट. आधी एका बाजूची दारं उघडतात, उतरणारे उतरतात; लगेच दुसऱ्या बाजूची उघडतात, चढणारे चढतात. दोन लोंढे समोरासमोर येतच नाहीत. काँक्रीट थोडं जास्त लागलं असेल, पण त्यातून वाचलेले सेकंद गेली पन्नासहून अधिक वर्षं रोज कामी येत आहेत.

सुरुवातीला साऱ्या जाळ्यावर दिवसाला अडीच लाख प्रवासी धरले होते. करोनापूर्वी हा आकडा आठ लाखांच्या पलीकडे गेला होता. १९९२ मध्ये नवा विमानतळ आला, त्याची गाडीही याच बोगद्यातून. नेहमीच्या सिग्नलवर तासाला २४ गाड्या जेमतेम बसत. २००४ मध्ये रुळांमध्ये अंथरलेल्या केबलवरून गाडीला सतत वेगाचा आदेश देणारी यंत्रणा लावली आणि एका दिशेला तासाला ३० गाड्या धावू लागल्या. यापुढे पिळून काढण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

(दृश्य : फलकावर उशिराच्या सूचना. फलाटावर घड्याळ बघणारे प्रवासी.)

आता सुरईच्या गळ्याचा खेळ बघा. शहराबाहेरच्या काही शाखा अजून एकेरी आहेत. समोरची गाडी येईपर्यंत तिथे थांबावंच लागतं. काही ठिकाणी तोच रूळ प्रादेशिक गाड्या आणि मालगाड्यांनाही लागतो. तिकडे चार मिनिटं उशीर झाला की त्या गाडीची बोगद्यातली पाळी चुकते. ती पुढच्या गाडीच्या जागेवर घुसते, पुढची तिच्या पुढच्या. बोगद्यात ओव्हरटेक करायला बाजूचा रूळ नाही. एखादं दार अडकलं, कुणी रुळावर उतरलं, सिग्नल बिघडला, तर पन्नास किलोमीटरवरच्या गावातल्या माणसाचीही कचेरी चुकते. मध्याला टाळून जाणाऱ्या एस-२०सारख्या एक-दोन गाड्या सोडल्या, तर जवळपास सगळं जाळं याच गळ्यातून जातं.

याच ऑलिंपिकसाठी स्टेडियमजवळ एस-बानचं एक वेगळं स्थानकही बांधलं होतं. खेळ संपले, मग अधूनमधून फुटबॉल सामन्यांना गाड्या येत. १९८८ मध्ये तेही थांबलं. फलाटांवर झाडं उगवली. घाईघाईत बांधलेल्या दोन गोष्टींपैकी एक ओस पडली आणि दुसरीला श्वास घ्यायला उसंत नाही.

(दृश्य : मारिएनहोफ. टाउन हॉलच्या मागचा चौक, क्रेन, खोल खड्डा.)

उपाय म्हणून दुसरा बोगदा. ५ एप्रिल २०१७ रोजी कामाचा शुभारंभ झाला. लाइमपासून पूर्वेला लॉइश्टेनबर्गरिंगपर्यंत सुमारे १० किलोमीटर, त्यातले सुमारे ७ जमिनीखाली. पहिला बोगदा आणि मेट्रोचे मार्ग चुकवायचे, म्हणून शहराच्या मध्यातली नवी स्थानकं तब्बल ४० मीटर खोल. भूमिगत थांबे तीनच : हाउप्टबानहोफ, मारिएनहोफ, ओस्टबानहोफ. मारिएनहोफला युद्धापूर्वी दाट वस्ती होती. बॉम्बवर्षावात ती गेली आणि मोकळी जागा राहिली. स्थानक खणण्याआधी तिथे पुरातत्त्वज्ञांनी मध्ययुगीन विहिरी आणि शौचकूप उकरून काढले.

शुभारंभाच्या वेळी खर्च सांगितला होता सुमारे ३.८ अब्ज युरो, आणि पहिली गाडी २०२६ मध्ये. २०२२ साली रेल्वेने नवे आकडे दिले : सुमारे ७ अब्ज युरो आणि २०३५ ते २०३७. ज्या शहराने पहिला बोगदा ऑलिंपिकच्या आधी पुरा करून दाखवला, तिथलेच हे आकडे.

यावर वाद होता, आणि तो मला निव्वळ अडवणुकीचा वाटत नाही. शहराच्या दक्षिणेकडून एक जुना लोहमार्ग मुख्य स्थानकाला ओस्टबानहोफशी जोडतो, नदीवरच्या पुलासकट, उघड्यावर. अनेकांचं म्हणणं होतं की तोच वाढवा, त्यावर स्थानकं बांधा, खर्च कमी येईल आणि गाड्यांना खरोखर वेगळी वाट मिळेल. दुसऱ्या बाजूचं उत्तर : लोकांना जायचं असतं शहराच्या मध्यात, तो मार्ग मध्याला टाळून जातो. दोन्ही खरं. २०१०च्या सुमारास पारडं बोगद्याकडे झुकलं आणि पुन्हा एकदा सगळं त्याच पूर्व-पश्चिम रेषेत खाली घातलं गेलं, फक्त जास्त खोल.

(दृश्य : इझारवरचा रेल्वे पूल, त्यावरून जाणारी लाल एस-बान.)

बोगदा बंद पडला की आजही काही एस-बान याच दक्षिणेकडच्या मार्गाने वळवतात. त्या शहराच्या मध्याला टाळून ओस्टबानहोफला पोचतात. मारिएनप्लाट्झला जाणाऱ्याने उतरायचं, मेट्रो किंवा ट्राम पकडायची.